तुतीवरची अळी, लिंबोणीवरची अळी

रेशमाच्या अळ्या माझ्यामुळे मेल्या, अक्काच्या मिश्रीमुळे नाही. एवढं सांगायला मला दोन वर्षं लागली. पहिला भाग मनातल्या मनात म्हणता यायचा. दुसऱ्यापाशी अडायचो, कारण दोष तिच्यावर गेला कसा आणि जाऊ दिला कुणी, हेही मग सांगावं लागणार होतं. आता लिहायला बसलोच आहे तर आधी तेच लिहून टाकतो.

अक्का माझी मोठी बहीण. मेहुणे गेले, तिची एकुलती मुलगी लग्न होऊन पुण्याकडे गेली, आणि त्याच सुमारास माझी बायको आजारपणात गेली. आम्हाला मूलबाळ नव्हतं. तेव्हा अक्का माझ्याकडे राहायला आली. आमचं गाव केज तालुक्यातलं, नांदूरघाटाच्या अलीकडचं. घर शेतात. मी केजच्या एका कार्यालयात कारकून. सकाळी मोटारसायकल काढायची, संध्याकाळी परत यायचं. दिवसभर अक्का आणि शेत.

रेशमाचा नाद तिलाच लागला. शेजारच्या शिवारात लोक तुती लावत होते, ते बघून आली आणि म्हणाली, "भावड्या, आपुन बी लावू. मला दिसभर कुणाशी तरी बोलायला पायजे." मला वाटलं, गंमत करते आहे. पण खरंच ती अळ्यांशी बोलायची. अंडी उबवून देणाऱ्या चॉकीच्या केंद्रातून बारक्या अळ्या आणायच्या, शेडमधल्या मांडण्यांवर सोडायच्या, तुतीच्या फांद्या कापून त्यांच्यावर पसरायच्या. अळ्या खातात, अंग चोरून गप्प पडतात, कात टाकतात, पुन्हा खातात. शेवटी करंगळीएवढ्या होतात आणि प्लास्टिकच्या चंद्रिकेवर, म्हणजे जाळीदार चटईवर, चढून स्वतःभोवती कोष विणतात. कोष झाले की बाजार. ऐन खाण्याच्या दिवसांत शेडमध्ये गेलं की एखाद्या कार्यालयात सगळे कारकून एकदम कागद चाळताहेत असा आवाज यायचा. माझी ही उपमा अक्काला फार आवडली होती. "तुज्या हापिसापरीस माजं हापीस कामाचं हाय," म्हणायची.

या अळ्यांना तंबाखू चालत नाही. तंबाखूचा हात पाल्याला लागला तरी त्या मरतात. म्हणून शेडच्या दारात चुना टाकलेला असतो, चपला बाहेर, आणि तंबाखू खाणाऱ्याला आत मज्जाव. अक्काला मिश्रीची सवय होती, आमच्या आईची होती तशी. तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड सकाळी बोटानं दातांना लावल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नसे. पण तिनं त्याचा नियम केला होता. मिश्री घराच्या पलीकडच्या अंगाला, हौदापाशी. मग साबणानं कोपरापर्यंत हात, चूळ, लुगडं बदलायचं आणि मगच शेड.

आमचे एक चुलत चुलते, तात्या, बांधापलीकडे राहतात. ते रोज चहाला येऊन तिला डिवचायचे.

"अक्का, रोज पंचशील घेती अन् किडं इकती. तिकडं बाजारातून नेऊन उकळत्या पाण्यात घालतेत म्हणं त्यास्नी. पयल्या शीलाचं काय?"

"तुमी कोंबडी खाता तवा तिला इचारून खाता का, तात्या?"

"मी कुटं शील पाळतो म्हन्लो?"

"मग गप च्या प्या."

असं म्हणायची, पण ते तिला लागायचं. प्राण्याची हत्या करणार नाही, हे पहिलं शील. धागा अखंड निघावा म्हणून कोषातला जीव बाहेर पडण्याआधीच मारतात, हे तिला ठाऊक होतं. त्यावर तिनं आपल्यापुरती एक वाट काढली होती. कधीकधी दोन अळ्या मिळून एकच कोष विणतात. त्याला डबल कोष म्हणतात. दोघींचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात, ते सुटत नाहीत, म्हणून बाजारात असा कोष बाजूला काढतात. अक्का तसले कोष विकायला पाठवतच नसे. सुपात कागद अंथरून खिडकीत ठेवायची आणि पतंग बाहेर पडू द्यायची. "दोघांनी मिळून घर बांधलं तर बाजारात मोल न्हाई बग," म्हणायची. तेव्हा मी हसलो होतो.

तुतीच्या बांधाला लिंबोणीची झाडं आहेत. ती माझ्या बायकोनं लावली. ती असताना त्यांना कधी धड लिंबं आली नाहीत. ती गेल्यावर यायला लागली. त्यांच्यावर दर पावसाळ्यानंतर दुसरी एक अळी पडते. लहानपणी ती पाखराच्या शिटेसारखी दिसते, काळी-पांढरी, ओली. मोठी झाली की हिरवीगार होते आणि डिवचली तर डोक्यातून नारिंगी, दुफाट शिंग बाहेर काढते. त्याला कुजक्या लिंबासारखा उग्र वास असतो. तिचंच पुढे काळं-पिवळं फुलपाखरू होतं, पंखाच्या खालच्या टोकाशी एक लाल ठिपका असलेलं. दिसायला देखणं, पण त्याच्या अळ्या कोवळी पालवी खाऊन झाडाची काडी करतात.

मी फवारू म्हणायचो. अक्का फवारू द्यायची नाही. "तुती बांधाला हाय. वारं काय आपल्या घरचं हाय का, सांगितलं तसं जायला?" ती एकेक अळी पानासकट खुडून शेताच्या कोपऱ्यातल्या कवठावर नेऊन सोडायची. कवठाचा पालाही त्या अळीला चालतो. तुतीवरच्या अळीला पाला कापून खाऊ घालायचा आणि लिंबोणीवरच्या अळीला उचलून दुसऱ्या झाडावर पोचवायचं. दोन्ही तिच्याच वाट्याला.

त्या वर्षी अक्का एका लग्नासाठी धारूरला गेली, मुक्कामाला. मला सुट्टी होती. शेडमधल्या अळ्या शेवटच्या वयात होत्या, कोष करायला थोडेच दिवस राहिले होते. त्यांना पाला घालून मी बांधाकडे गेलो आणि लिंबोण्या पाहिल्या. शेंड्यावर एक पान राहिलं नव्हतं. मला एकदम फार राग आला. कुणाचा, ते आजही नीट सांगता येत नाही. बायकोच्या हातची तेवढीच गोष्ट त्या शेतात उरली होती. कापसावर मारून उरलेलं औषध कोठीत पडलं होतं. पंप पाठीला लावला आणि संध्याकाळी फवारा मारला.

वारं होतं. फवाऱ्याचं धुकं तुतीकडे झुकताना मी पाहिलं. पाहिलं आणि हात थांबवला नाही. थोडीच झाडं आहेत, असं मनाशी म्हणालो.

सकाळी कार्यालयाला उशीर होत होता. पाला दूरच्या ओळींतून आणायला हवा होता, तेवढं मला कळत होतं. मी जवळचा कापला, शेडमध्ये पसरला आणि केजला निघून गेलो. माझ्यामागे अक्का धारूरहून आली.

संध्याकाळी परतलो तेव्हा शेडच्या दारात तात्या उभे होते. आत अक्का मांडणीला धरून बसली होती. अळ्यांनी डोकी वर उचलली होती, सगळ्यांनी, जणू कुणी हाक मारली आहे. तोंडातून हिरवं पाणी येत होतं. काही आक्रसून बोटाच्या पेराएवढ्या झाल्या होत्या. तो कागद चाळल्याचा आवाज बंद होता.

तात्या म्हणाले, "तंबाखूचंच लक्षान हाय हे. मिश्रीचा हात लागला."

"हात धुवून गेलते मी," अक्का म्हणाली.

औषधाचं लक्षणही अगदी तसंच असतं. मला ते त्या क्षणी कळलं होतं. बांध, वारं, सकाळी कापलेला पाला, सगळं एका ओळीत समोर उभं राहिलं. मी गप्प बसलो असतो तरी ते कमी पाप झालं असतं. पण मी तोंड उघडलं आणि विचारलं, "नीट धुतलतेस का, अक्का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग आपल्या तळहातांकडे पाहिलं. बोटं नाकाशी नेऊन हुंगली. "एस्टीतून उतरले, लई उशीर झालता... मिश्री लावली, हात... धुतलेच असतील की," ती म्हणाली. आणि मग, हळू, "धुतले का न्हाई?"

माझ्या डोळ्यांदेखत तिचा स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास उडाला. मी तो परत देऊ शकलो असतो. तात्या उभे होते, आणि मला लाज वाटली. एवढंच कारण. यापेक्षा मोठं कारण असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी खड्डा काढून आम्ही अळ्या पुरल्या. अक्कानं मिश्रीची डबी उकिरड्यावर टाकली आणि राखुंडीनं दात घासायला लागली. शेडमध्ये ती पुन्हा गेली नाही. गावातल्या बायका पाण्याला जाता-येता म्हणायच्या, "मिश्रीनं घात केला बगा." ती मान हलवायची. संध्याकाळी बुद्धांच्या तसबिरीपुढे आम्ही दोघं वंदनेला बसायचो. त्या दिवसांत कधीतरी माझ्या लक्षात आलं, की पहिल्या शीलाला तिचा आवाज येत नाही. ओठ मिटलेले असायचे. दुसऱ्यापासून ती सुरू करायची. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते मी खणखणीत म्हणायचो.

पुढे मुलीला बाळ झालं, त्या निमित्तानं ती पुण्याकडे गेली आणि तिकडेच राहिली. जाताना म्हणाली, "माजा हात चांगला न्हाई, भावड्या. शेड दुसऱ्या कुणाला तरी दे."

मी दिलं नाही. दोन वर्षं ते तसंच उभं आहे. मांडण्या रिकाम्या, चंद्रिका घडी करून कोपऱ्यात. तुती वाढून माणसाच्या वर गेली. मी संध्याकाळी आलो की एका ताटात जेवण घेऊन कधी शेडच्या पायरीवर बसायचो, कारण घरात दोन पाट दिसायचे. फोनवर ती विचारायची, "जेवलास का?" मी हो म्हणायचो. ती म्हणायची, "पाऊस हाय का तिकडं?" मी सांगायचो. मग दोघांकडेही काही नसायचं, तरी ती लगेच ठेवायची नाही. तो जो मोकळा वेळ असायचा, तो माझ्याचसाठी होता असं मला वाटायचं. मीच म्हणायचो, "बरं, ठेवू का?"

यंदा पाऊस ओसरल्यावर लिंबोणीवर पुन्हा अळ्या आल्या. मी पंप काढला नाही. अक्का करायची तसं पानासकट खुडून कवठावर नेऊ लागलो. एक अळी मात्र काडीला चिकटून बसली होती, हलेना. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तिचा हिरवा, टोकदार कोष झाला होता. ती काडी कापून पाण्याच्या बाटलीत उभी केली आणि घरात खिडकीवर ठेवली. त्याच आठवड्यात केजच्या रस्त्यावर एक ओळखीचा शेतकरी कोषांची पोती भरताना दिसला. मी गाडी थांबवून त्याच्याकडे बाजूला काढलेले डबल कोष मागितले. "काय करणार याचं?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "बहिणीला लागतेत." का तसं म्हणालो कुणास ठाऊक. सूप शोधलं, कागद अंथरला, खिडकीत मांडले.

मग मला रोज संध्याकाळी घरी परतायला एक निमित्त झालं.

दोन्ही कोषांची तुलना मी कुठल्या पुस्तकासाठी केली नाही. समोर दुसरं काही नव्हतं म्हणून पाहत बसलो. लिंबोणीवरच्या अळीलाही रेशीम असतं, हे मला माहीत नव्हतं. ती फक्त एक धागा काढते. कंबरेभोवती घेते, काडीला बांधते आणि त्याच्या आधारावर उघड्यावर टेकून राहते. वारा, पाखरू, काय यायचं ते येवो. रंग काडीसारखा, तेवढाच तिचा आसरा. तुतीवरची अळी मात्र सगळं अंग रिकामं करून घर विणते, आणि तेच घर तिचं मरण ठरतं.

आधी फुलपाखरू आलं. सकाळी कोष पारदर्शक दिसत होता, आतले पिवळे ठिपके बाहेरून मोजता यावेत असे. चहा ठेवून आलो तोवर ते बाहेर लटकत होतं, पंख चुरगळलेल्या रुमालासारखे. हळूहळू पंख ताणले, वाळवले, पाठीवर मिटून धरले. मी कार्यालयाला उशीर केला. ते उडालं तेव्हा खिडकीतून सरळ बांधाकडे गेलं, त्याच झाडांकडे, जिथं मी फवारा मारला होता. फुलावर बसल्यावरही त्याचे पंख थांबत नव्हते. जायची घाई असलेला पाहुणा जसा उभ्याउभ्या चहा पितो, तसं.

त्यानंतर पतंग. कोषाचं टोक आतून ओलं झालं, तपकिरी डाग पडला, आणि तिथून एक पांढरं, केसाळ डोकं बाहेर आलं. एकाच घरातून मागोमाग दुसरं. जाड अंग, पिसांसारख्या मिशा, साईच्या रंगाचे पंख. ते पंख पसरून बसतात, फुलपाखरासारखे मिटून धरत नाहीत. जोरजोरात फडफडवतात आणि जागच्या जागी गोल फिरतात. उडता येत नाही. माणसानं इतक्या पिढ्या सांभाळलं, की उडणं राहूनच गेलं. खाताही येत नाही, तसं तोंडच नसतं त्याला. अळी असताना खाल्लं तेवढ्यावर काही दिवस जगायचं, अंडी घालायची, संपायचं. मी खिडकी उघडी ठेवली तरी ते दोघं सुपातच राहिले. मादीनं कागदावर एकाला एक लावून पिवळी अंडी घातली. तिची काही तक्रार दिसत नव्हती, आणि असती तरी ती कशानं सांगणार होती? मला तोंड होतं. मी ते दोन वर्षं ‘जेवलो’ म्हणायला वापरलं होतं.

आश्विन पौर्णिमेला, भिक्खूंचा पावसाळी मुक्काम, वर्षावास, संपतो त्या दिवशी अक्का गावी आली. वाळली होती. संध्याकाळी विहारात सगळे जमले. मी पुरुषांत बसलो होतो, ती बायकांत. पहिल्या शीलाला मी मुद्दाम कान दिला. एवढ्या आवाजांत एकच आवाज नाही हे कुणाला कळणार नाही, मला कळलं. चौथ्याला त्या दिवशी माझाही आवाज निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती हौदावर राखुंडीनं दात घासून आत आली आणि खिडकीपाशी थांबली. मादी अजून जिवंत होती, कागदावर हळू हळू चालत होती.

"हे कुणी ठिवले?"

"मीच."

"डबल हायेत व्हय." तिनं हात पुढं केला आणि मध्येच मागं घेतला. पदराला पुसला. तरी लावला नाही.

तो मागं घेतलेला हात पाहिला आणि मी सांगून टाकलं. उभ्यानंच. फवारा, वारं, जवळचा पाला, आणि तिला प्रश्न विचारला तेव्हा मला सगळं माहीत होतं हेही.

तिनं आपल्या तळहातांकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हंजे मिश्री न्हवती?"

"न्हाई."

"दोन साल झालं, नातीला कडेवर घ्यायच्या आदी मी हात हुंगते, भावड्या. पोरगी हसती मला. म्हन्ती, आई, येड लागलं का तुला?" तिचा आवाज चढला नाही. "कावून सांगितलं न्हाईस?"

"लाज वाटली."

"कुणाची? तात्याची?" ती हसली, पण ते हसू माझ्यासाठी नव्हतं. "माज्यापरीस तुला तात्याची लाज मोठी झाली व्हय."

तिनं पुन्हा हात पुढं केला. या वेळी मागं घेतला नाही. मादी तिच्या तळहातावर चढली, तशीच पंख फडफडवत राहिली. अक्का तिच्याकडे बघत होती, माझ्याकडे नाही. मग तिनं तिला अलगद कागदावर ठेवलं आणि दाराकडे निघाली.

"चल."

"कुटं?"

"तात्याकडं. तितं समदे असतेत आता. ज्याच्यापुढं इचारलंस त्याच्यापुढं सांग."

तात्यांच्या अंगणात सोयाबीन वाळत होतं. दोन सुना आणि शेजारची एक म्हातारी ते पायानं परतत होत्या. तात्या ओट्यावर बसून तळहातावर तंबाखूला चुना चोळत होते. आम्हाला पाहून म्हणाले, "काय, बहीण-भाऊ सकाळीच? च्या ठिवायला सांगू का? अक्का, माजा तंबाखूचा हात हाय, चालंल ना तुला?"

बायका हसल्या. अक्का हसली नाही, बसलीही नाही. माझ्या बाजूला उभी राहिली आणि वाट बघू लागली. सोयाबीन परतायचं थांबलं होतं.

"तात्या, त्या अळ्या मिश्रीनं मेल्या न्हाईत," मी म्हणालो. "मी लिंबोणी फवारली होती. अक्का धारूरला गेलती तवा. वारं तुतीवर गेलं, अन् तोच पाला मी माज्या हातानं त्यास्नी घातला." मग मी तिच्याकडे वळलो. "तू हात धुतले होतेस, अक्का. तुज्या हाताचा कायबी दोष न्हवता. मला ठावं होतं, तरी मी तुला तात्यांपुढं इचारलं. चुकलो मी. मला माफ कर."